जिन्यात खाकरणं

सुषमाला मी ओळखत होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. अठरा वर्षं ती आमच्या खालच्या मजल्यावर राहिली. दिवसातून चार वेळा तरी मी तिच्या दारावरून जात-येत होतो. पण तिचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही. हनुवटीवर गोंदण होतं, ते मधोमध होतं की जरा उजवीकडे, हे परवा आठवत बसलो होतो. शेवटी मालतीबाईला, म्हणजे माझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "गोंदण तिला नव्हतंच. ते तिच्या सासूला होतं."

अशा माणसानं कुणाबद्दल लिहायला बसू नये. मी आयुष्यात चार-पाच पत्रं आणि रेशनकार्डाचे अर्ज सोडले तर काही लिहिलेलं नाही. तरी लिहितो आहे, त्याचं कारण पुढे येईल.

आम्ही पारोळा तालुक्यातले. मी सुरतेला आलो त्याला पस्तीस वर्षं झाली. शहराजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात फोल्डिंग खात्यात होतो, कापडाचे तागे उजेडात धरून डाग आणि तुटलेले धागे शोधायचे. ते खातं यंत्रांपासून लांब, वेगळ्या खोलीत होतं, म्हणून माझे कान वाचले. लखन, सुषमाचा नवरा, माझ्या चुलत भावाचा मुलगा. त्याला मीच इकडे आणला. तो सतराव्या वर्षी पॉवरलूमवर लागला आणि आजही तिथंच आहे. बारा तासांची पाळी, समोर आठ लूम, आणि तो आवाज. पंचवीस वर्षांत त्याचे दोन्ही कान गेल्यातच जमा झाले. नवागाममधल्या आमच्या इमारतीत निम्मे पुरुष असेच आहेत. त्याचं कुणाला काही वाटत नाही. लूमवाले एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. लखन तर तीन यंत्रांपलीकडच्या माणसाचे ओठ वाचून त्याच्या विनोदाला हसायचा.

सुषमा नात्यानं माझी चुलत सून. आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. सासऱ्याचंही एक काम असतं. सुनेच्या दाराकडे येताना त्यानं आधी खाकरायचं, म्हणजे तिला पदर सावरायला, बोलणं थांबवायला, पाय आवरून बसायला वेळ मिळतो. आमचा जिना लोखंडी आणि अरुंद, तो थेट तिच्या उंबऱ्यापाशी वळतो. मी पहिल्या पायरीवर खाकरायचो आणि वळणावर पुन्हा एकदा. तोवर तिचा पदर डोळ्यांपर्यंत आलेला असायचा. काही निरोप असला तर ती मुलीला सांगायची, "हर्षे, आबांना म्हणावं, टाकी भरली." मी समोरच उभा असायचो. मग मीही हर्षदाला सांगायचो, "आईला म्हणावं, बरं." हर्षदा पाच वर्षांची होती तेव्हा ती दोन्ही निरोप इमानदारीनं पोचवायची. मोठी झाल्यावर नुसती हसायची.

माझ्या मनात सुषमाची एकच ओळख होती, की ही भांडखोर आहे. तिचा आवाज तीन मजले ऐकू जायचा. "मीठ कमी आहे का" हे ती अशा स्वरात विचारायची की खालचा माणूस भांडण सोडवायला वर यावा. इमारतीत तिला भोंगा म्हणायचे. मुलं तोंडावर म्हणायची, मोठी माणसं मागे. मीही म्हटलं असेल. लखनला ऐकू जावं म्हणून ती ओरडते, हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि लक्षात असणं यांत फरक आहे. रोज ओरडणारी बाई ऐकली की माणसाचं मत बनतं, आणि ते बनलं की पुन्हा कोण तपासतो? मी कापड तपासायचो, माणसं नाही.

ती घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायची. अमोल नावाचा एक माणूस स्कूटरवरून साड्यांचे गठ्ठे टाकून जायचा, आठवड्यानं घेऊन जायचा. तिच्या बोटांना नेहमी डिंक लागलेला असायचा आणि त्यात चमकी अडकलेली. दारात रंगाच्या डब्यात तिनं कढीपत्ता लावला होता. एवढंच मला ठाऊक होतं. अठरा वर्षांचा हिशेब मांडला तर एक कढीपत्ता आणि चमकी.

गेल्या श्रावणात लखन मला बोलवायला आला. घरात नको, बाहेर चला, म्हणाला. त्याला हळू बोलता येत नाही, आपला आवाज किती आहे हे त्याला कळतच नाही. म्हणून गुपित सांगायला तो मला रेल्वेच्या रुळांजवळच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला आणि तिथं ओरडून सांगितलं.

"आबा, ती फोनवर बोलताना भिंतीकडे तोंड करते."

मी म्हटलं, "मग?"

"मला ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे. मग तोंड कशाला फिरवायचं? ओठ लपवायला."

आजही मी त्याला दोष देतो तेव्हा ही गोष्ट आठवते. ऐकू येणाऱ्या नवऱ्याच्या मनात ही शंका आलीच नसती. लूमवाल्याच्या बायकोलाच कळणार की आपलं बोलणं नवऱ्याच्या कानांपासून नाही, डोळ्यांपासून सांभाळायचं असतं. आणि लूमवाल्यालाच कळणार की ती ते सांभाळते आहे.

मग त्यानं खिशातून जुना, काच तडकलेला फोन काढला. चार दिवस तो त्यानं देव्हाऱ्यात फोटोमागे ठेवला होता, देवाच्या विजेच्या दिव्याचं जे बटण आहे त्यालाच चार्जर लावून. कामावर जाताना आवाज टिपायचं चालू करायचा, आल्यावर काढून घ्यायचा. आता चार दिवसांचं घर त्या फोनमध्ये होतं आणि ते त्याला ऐकता येत नव्हतं. कानाला लावलं तर नुसता भुंगा वाजतो, म्हणाला.

"तुम्ही ऐका. तुमचे कान चांगले आहेत आणि तुम्ही घरातले आहात."

नाही म्हणायला हवं होतं. वडीलकीच्या नात्यानं त्याच्या हातातून तो फोन घेऊन पुसून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "चार्जर दे."

तीन दुपारी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत कानात वायरी घालून बसलो. मालतीबाईला सांगितलं, भजनं ऐकतो. ती म्हणाली, "देवाचं नशीब."

पहिला तासभर पंख्याचाच आवाज होता. मग भाजीवाला, कुकरच्या शिट्ट्या, पाण्याची बादली. मग एक बाई बोलू लागली आणि मला वाटलं, शेजारची कुणी येऊन बसली आहे. इतका हळू, असा गोल आवाज मी त्या घरातून कधी ऐकला नव्हता. थोड्या वेळानं कळलं की ही सुषमा आहे. मी फोन बंद केला. पुन्हा चालू केला.

तिचे हात डिंकात असायचे म्हणून ती फोन जमिनीवर ठेवून मोठ्यानं लावायची, त्यामुळे पलीकडचंही ऐकू येत होतं. पलीकडे तिची शहाद्याची बहीण होती, कविता. दोघी अहिराणीत बोलत होत्या, मी इथं पुस्तकी मराठीत लिहितो आहे. आणि सगळं लिहिणार नाही. बैठकीत पुढे जे सगळ्यांनी ऐकलं तेवढं, आणि जे ऐकायला हवं होतं पण ऐकलं नाही तेवढंच लिहितो. बाकीचं मी ऐकलं हीच चूक आहे, ते सांगून ती दुप्पट करायची नाही.

एक मात्र माझं स्वतःचं आहे, ते लिहितो. तिनं माझी नक्कल केली. "वरचे आबा जिना चढतात ना, आधी खाकरतात, मग पायरीवर चप्पल आपटतात, मग परत खाकरतात. जसं पोलीस येऊन राहिले," असं म्हणून ती माझ्यासारखी खाकरली. हुबेहूब. बहीण हसली, तीही हसली. मग ती म्हणाली, "पण बरं वाटस वं ताई. सांगून येणारा तो एकलाच माणूस शे." म्हणजे, बरं वाटतं, सांगून येणारा तो एकटाच माणूस आहे. टाकीच्या सावलीत बसून, न सांगता, मी ते ऐकलं.

अमोलचाही एक फोन होता. गठ्ठा कधी तयार होईल म्हणून. त्यात तो काहीतरी गमतीचं बोलला आणि ती हसली. त्या हसण्याचं काय करायचं हे मला तेव्हा कळलं नाही, आजही नाही. हसणं म्हणजे हसणं. त्याच्यापुढे काही असेलही, नसेलही. मी सांगितलंच आहे, मी तिला ओळखत नव्हतो.

आणि डुमसची गोष्ट. ती बहिणीला सांगत होती की सुरतेला येऊन अठरा वर्षं झाली, समुद्र इथून तासाभरावर, पण कुणी नेलं नाही. लखनला सुट्टीच्या दिवशी झोप हवी असायची. शेवटी एका दिवशी तिनं घरी सांगितलं, दवाखान्यात जाते, आणि बस पकडून डुमसच्या समुद्रावर गेली. एकटी. काळी वाळू बघून तिला आधी वाटलं, घाण आहे. दोन तास बसली. टोमॅटोची भजी खाल्ली, त्यातली दोन कुत्र्यानं नेली. एका गुजराती बाईनं तिच्याकडे आपलं लहान मूल धरायला दिलं आणि नवऱ्याबरोबर फोटो काढायला गेली. ते मूल तिच्या खांद्यावर झोपलं. "तिथं मी कुणाशी बोललेच नाही, ताई," ती म्हणाली. "दोन तास ओरडावं लागलं नाही. घसा असा गार पडला." हे सांगताना ती इतकी हसत होती की मीही गच्चीवर एकटा हसलो.

लखनला मी सांगितलं, काही नाही त्यात, बहिणीशी बोलते. डुमसचं सांगितलं नाही. वाटलं, आपण शहाणपणा केला. लखननं माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं.

"आबा, तुम्ही काहीतरी गिळता आहात. तुमचे ओठ सांगतात," म्हणाला आणि फोन घेऊन गेला.

मी खोटं बोलू नये हे मला कळायला हवं होतं, निदान लूमवाल्याशी तरी. मी सगळं सांगितलं असतं, तिचं हसणं, ते मूल, ती भजी, तर त्यानं ते माझ्याकडूनच ऐकलं असतं. आता तो फोन योगराजकडे गेला. योगराज म्हणजे लखनच्या बहिणीचा नवरा, पलसाण्याला रंगाई कारखान्यात आहे. बोलण्यात हुशार. त्यानं ऐकलं आणि त्याला जे हवं होतं ते सापडलं.

योगराजनं आधी वकील गाठला. पहिल्यांदा ऐकणारा म्हणून मलाही अठवा लाइन्सला त्याच्या ऑफिसात घेऊन गेले. वकील तरुण होता, गुजराती, पण मराठी चांगली बोलत होता. तो म्हणाला, नवरा-बायकोचं असं चोरून टिपलेलं बोलणं पूर्वी काही कोर्टं घेत नसत. आता सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की घटस्फोटाच्या खटल्यात ते पुरावा म्हणून घेता येतं. मात्र त्यात कापाकापी नको, मूळ फोन जपून ठेवा, खरं-खोटं कोर्ट तपासेल. योगराजनं लखनच्या मांडीवर थाप मारली.

मला कोर्टात बोलायची सवय नाही, वकिलाच्या खोलीतही नाही. तरी मी विचारलं, "साहेब, कोर्ट घेतं म्हणजे ते करणं बरोबर आहे का?"

तो म्हणाला, "काका, चोरीच्या चावीनं उघडलेल्या कपाटात कागद सापडला तर कोर्ट कागद वाचू शकतं. त्यानं चावी तुमची होत नाही. तुमच्या सूनबाई उलट तक्रार करू शकतात, तीही ऐकली जाईल. मी कोर्टात काय चालतं ते सांगतो. घरात काय चालावं ते तुम्ही मोठी माणसं ठरवा."

योगराजनं त्यातलं शेवटचंच उचललं. मोठी माणसं ठरवतील. कोर्टाऐवजी बैठक बसवायची.

गणपती उठल्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी लखनच्या खोलीत आठ-नऊ भाऊबंद जमले. सुकलालभाऊ सगळ्यांत वडील, ते मधे बसले. सुषमा पडद्यामागे चुलीच्या बाजूला, मालतीबाई तिच्याजवळ. हर्षदाला शेजारी पाठवलं होतं. योगराजनं फोन लावला, पण कुणाला काही कळेना. बसलेले बहुतेक लूमवाले. सुकलालभाऊ कानामागे हात धरून म्हणाले, "बाई बोलते आहे की पंखा?" मग कुणीतरी गणपती मंडळाचा मोठा स्पीकर आणला. आरती ज्याच्यावर लावतात तो. त्याला फोन जोडला.

अठरा वर्षं ज्या बाईला लोक भोंगा म्हणायचे, तिचं सगळ्यांत हळू बोललेलं बोलणं त्या स्पीकरमधून तीन मजल्यांवर गेलं. जिन्यात पोरं जमली. खालच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. लखननं तेव्हा बायकोचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला असेल. तो तोंड उघडून स्पीकरकडे बघत बसला होता. मला वाटतं, शब्दांकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"घरी सांगितलं दवाखान्यात जाते आणि गेले डुमसला," एवढं वाजलं आणि योगराजनं फोन थांबवला.

सुकलालभाऊंनी पडद्याकडे न बघता विचारलं, "सूनबाई, हे खरं आहे?"

पडद्यामागून हळू आवाज आला. मालतीबाईनं तो मोठ्यानं सांगितला, "खरं आहे म्हणते."

"बरोबर कोण होतं?"

"कुणी नव्हतं म्हणते."

योगराज म्हणाला, "एकटी बाई डुमसला जाऊन करते काय? लाटा मोजते?"

मालतीबाईनं पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "तुम्ही रोज पानाच्या टपरीवर तीन तास काय मोजता, ते सांगा आधी." दोघं-तिघं हसले. पण योगराजनं अमोलच्या फोनमधलं तिचं ते हसणं लावलं आणि खोलीतलं हसू थांबलं.

मला पुढचं सगळं पाठ होतं. काळी वाळू, कुत्र्यानं नेलेली भजी, खांद्यावर झोपलेलं मूल. मी एवढंच म्हणायला हवं होतं की पुढचं वाजवा. दोन शब्द. कापाकापी नको हे वकिलानंही सांगितलं होतं. माझ्या मनात ते शब्द इतके तयार होते की मला वाटलं मी ते बोललोच. मग मनात आलं, पुढचं वाजवा म्हटलं तर ती माझी नक्कलही वाजेल, लोक हसतील. आणि तीन दुपारी मी गच्चीवर बसून तिला ऐकलं हे पडद्यामागे तिला कळेल. मी खाली बघत बसलो. सतरंजीचा एक धागा सुटला होता, तो बोटाला गुंडाळत होतो.

निकाल असा झाला की घर मोडायचं नाही. सुकलालभाऊंना त्याचं समाधान वाटलं. अमोलचं काम बंद. फोन हर्षदाकडे राहील. कुठं जायचं तर घरातलं कुणी बरोबर असेल. लखननं काय केलं याबद्दल कुणी शब्द काढला नाही. स्पीकर मंडळात परत गेला.

त्या दिवसानंतर सुषमा घरात बोलायची थांबली. भांडून नाही, रागावून नाही. लखनला काही सांगायचं तर ती लूमवाल्यांच्या खुणा करायची. त्यानंच लग्नाच्या पहिल्या वर्षी हौसेनं शिकवल्या होत्या म्हणे. जेवायला बस, पाणी आलं, पोरगी आली. खुणांना आवाज नसतो, त्या कशात टिपताही येत नाहीत. मालतीबाई खाली जाऊन बसायची, तर सुषमा आधी देव्हाऱ्याकडे बघायची आणि मग मान हलवायची. लखननं तो फोटो काढून तिला मागची भिंत दाखवली, काही नाही म्हणून हात हलवले. तिनं मान हलवली, हो म्हणून. बोलली नाही. इमारत इतकी शांत झाली की मला पायऱ्या चढताना माझेच गुडघे ऐकू यायला लागले.

मीही एक थांबवलं होतं. ती नक्कल ऐकल्यापासून मला जिन्यात खाकरता येईना. घसा तयार व्हायचा आणि लाज वाटायची. मी चप्पल हातात घेऊन हळूच चढून जायचो.

दिवाळीनंतर ती कुशीत हात दाबून चालायला लागली. मालतीबाईनं दोनदा विचारलं, ती म्हणाली गॅस. हर्षदा म्हणाली दवाखान्यात जाऊ, तर तिनं खुणेनं नको म्हटलं. का नको, हे मला त्या वेळी कळलं नाही. आता वाटतं, दवाखान्यात जाते हे वाक्यच तिच्याकडून काढून घेतलं होतं. ते तिनं एकदा उच्चारलं होतं आणि तीन मजल्यांनी स्पीकरवरून ऐकलं होतं. पुन्हा ती ते कोणत्या तोंडानं म्हणणार?

होळीच्या दहा-बारा दिवस आधी ती नळावर पडली. सरकारी दवाखान्यात नेलं. पित्ताशय फुटून आत सगळीकडे पसरलं होतं. नऊ दिवस होती, तिथंच गेली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "दोन-तीन महिने तरी दुखत असणार. एवढे दिवस बोलल्या का नाहीत?" लखनला ऐकू आलं नाही. तो माझ्याकडे बघत होता, डॉक्टर काय म्हणाल्या म्हणून. मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी ते त्याला सांगितलं. त्यानं ते वाचलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

लखनला मी आता काही म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी तो तडकलेला फोन कानाला लावून पायरीवर बसतो. भुंगाच ऐकू येत असणार.

महिन्यापूर्वी हर्षदा वर आली. बारावीला आहे. माझ्याशी ती गुजराती मिसळून बोलते, त्या दिवशी मात्र आईसारखं, आमच्या बोलीत बोलली. म्हणाली, "आबा, आईचा आवाज दुसरा कुठंच नाही. लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा ती गप्पच आहे. पप्पांच्या त्या फोनमध्येच आहे. मी ऐकू का?"

मला सांगता आलं नाही. ऐक म्हणावं तर जे बोलणं जगात एकटी बहीणच ऐकणार होती ते पुन्हा एकानं ऐकायचं. नको म्हणावं तर पोरीला आई मिळत नाही. आणि नको म्हणणारा मी कोण, जो आधी ऐकून बसला. शहाद्याच्या मावशीला विचार, असं मी म्हणालो. ते बोलणं तिचंही आहे, ती हो म्हणाली तर ऐक. हे बरोबर सांगितलं की नाही, अजून कळत नाही.

पण हर्षदा गेल्यावर मनात आलं, सुषमाचे काही शब्द माझ्याकडे असे आहेत की ते मी चोरलेले नाहीत. ते ती मला म्हणाली होती, माझ्याकडे बघून. ते द्यायला मला कुणाला विचारावं लागणार नाही. हर्षदासाठी म्हणून हे लिहायला बसलो, आणि त्या आधीचं सांगितल्याशिवाय ते कळणार नाहीत म्हणून एवढं लांबलं.

पौष महिना होता, सकाळचे दहा वाजले असतील. मी भाजीची पिशवी घेऊन, चप्पल हातात धरून न खाकरता जिना चढलो. वळणावर आलो तर ती उंबऱ्यात पाठमोरी बसली होती. पदर खांद्यावर, एक हात कुशीत रुतवलेला, कपाळ दाराच्या चौकटीला टेकलेलं. मी तिथंच थांबलो. परत खाली जावं की पुढे, ते कळेना. पायरी वाजली आणि ती दचकून वळली. हात पदराकडे गेला. मग तिथंच थांबला. तिनं माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा तेव्हा दिसला असणार, पण मी लगेच खाली बघितलं. हर्षदा कॉलेजात गेली होती, निरोप न्यायला कुणी नव्हतं.

गेले कित्येक दिवस मनात होतं की हिला सांगावं, मी ऐकलं होतं, आणि बैठकीत मी गप्प बसलो. तोंड उघडलं. पण आधी तीच बोलली, अठरा वर्षांत पहिल्यांदा, आणि त्याच हळू आवाजात.

"आबा, येताना खाकरत जा. पहिल्यासारखं."

"बरं," मी म्हणालो.

"आणि वरची पायरी ओली आहे. आत्ताच पुसली."

"बरं."